कपबशीचा रकाना

ज्याने हॉटेलाचा मागचा दरवाजा पाहिला आहे, त्याने पुढच्या दरवाजाने जेवायला जाऊ नये. माझी अडचण अशी, की मला दोन्ही दरवाजांनी जावे लागे. नोकरीने मी नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो आणि पोटाने खानावळीचा मेंबर. पत्नी वडनेरला, माझ्या आईवडिलांजवळ. शेती तिच्याच अंगावर होती. मी तालुक्याच्या गावी एका खोलीत. असे अकरा वर्षे चालले. त्या काळात जे खाल्ले आणि जे तपासले, त्यातले थोडे इथे लिहितो. गावाचे नाव लिहीत नाही. वर्धा जिल्ह्यातले आहे, एवढे पुरे. माणसांची नावेही बदलली आहेत, कारण त्यांची नातवंडे आज तिथेच दुकाने चालवीत आहेत.

नातू विचारतो, तुमच्या वेळी गावात बार किती होते? एकही नव्हता. दारूबंदी होती. जे चाले ते लपून चाले, आणि ते पोलिसांचे खाते होते. माझ्या खात्यात विहिरी, नाल्या, संडास, बाजारातले मटण, चहाची बावीस हॉटेले आणि तीन खानावळी. लोक मला 'नालीसाहेब' म्हणत. तोंडावर म्हणत नसत, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

हॉटेल तपासणे म्हणजे टेबलावर बोट फिरवून धूळ पाहणे, असा सर्वसाधारण समज आहे. टेबल मालकही पुसतो. आधी पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालावा. तळ बुळबुळीत लागला, तर पिंप महिनाभरात रिकामे झालेले नाही. मग फडके. कप कशाने पुसता, हे मालकाला विचारू नये. फडके कुठे टांगले आहे ते पाहावे. शेवटी कप विसळायची बादली. बादलीत कप बुडवून काढणे म्हणजे धुणे नव्हे, चाळीस माणसांचे उष्टे एकत्र करणे होय. हे सर्व नोंदवायला छापील वही होती. पाणी, दूध, माश्या, फडके, कपबशी, असे रकाने. आणि शेवटी एक शब्द, 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक'. माझ्या वहीत दुसरा शब्द अधिक वेळा आला आहे. त्याचा मला अभिमान आहे.

माझा एक नियम होता. तपासणी सोमवारी, आणि सोमवारी गावातल्या कुठल्याही हॉटेलात वा खानावळीत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. तपासणीस एकदा चहा प्याला, की त्याच्या जिभेबरोबर लेखणीही गोड होते. माझ्या आधीचे गृहस्थ प्रत्येक ठिकाणी 'थोडासाच' घेत. बावीस हॉटेले झाल्यावर त्यांना रात्रभर झोप येत नसे आणि ते दारोदार जाऊन तब्येतीची चौकशी करीत, असे सांगत. मी खबरदारी म्हणून इतर वारीही हॉटेलाचा चहा टाळी. दोन वेळचे जेवण यमुनाबाईंकडे. बाकी काही नाही.

यमुनाबाई विधवा होत्या आणि खानावळ त्यांनी एकट्यांनी उभी केली होती. चौदा पाट. मास्तर, कचेरीतले कारकून, एका वकिलाचे मुनशी आणि मी. तिथली अंबाडीची भाजी, पातोडीचा रस्सा आणि जवसाची चटणी यांबद्दल लिहिणार नाही. लिहिले तर लेख त्यातच संपेल. पहिल्याच महिन्यात एका सोमवारी मी त्यांचे स्वयंपाकघर तपासले आणि नियमाप्रमाणे जेवायला गेलो नाही. मंगळवारी त्यांनी विचारले, "सोमवार करता वाटते?"

"सोमवारी जेवत नाही."

"पानी तं घेत असान?"

"इथले घेत नाही."

उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. त्या दिवसापासून महादेवाचा कडक उपासक म्हणून माझी ख्याती झाली. मी ती खोडली नाही. वास्तविक सोमवारी मी खोलीवर स्टोव्हवर खिचडी करी आणि ती करपे. करपलेले मुकाट्याने खाणे हीच काय ती माझी उपासना.

एकदा पटकीच्या साथीत मला कारंजाला पाठवले होते. तिथे हमरस्त्यावर ढाबा होता. नागपूर आणि अमरावतीचे ट्रक रात्रंदिवस थांबत. मालक पंजाबकडून आलेला. पितळी पेल्यांची एक रांग, आणि जो येईल तो त्यातलाच उचले. मी विचारले, येणारा कोण, कुठला, हे तुम्ही पाहत नाही? तो म्हणाला, "साहब, हम गाड़ी का नंबर देखते हैं, आदमी का नहीं।" त्याच्या पिंपाचा तळ बुळबुळीत होता. मी 'असमाधानकारक' लिहिले. वाक्य मात्र लक्षात राहिले.

लक्षात राहण्याचे कारण असे, की आमच्या गावात नंबर माणसांना होते. चहाच्या बहुतेक हॉटेलांच्या दाराबाहेर भिंतीत खिळे ठोकून एक फळी बसवलेली असे. तिच्यावर चार-पाच कप, कान तुटलेले. ज्यांना आत येऊ देत नसत, त्यांच्यासाठी ते. गिऱ्हाइकाने कप स्वतः घ्यायचा, मालक किटली उंच धरून वरून चहा ओतणार, पिऊन झाल्यावर गिऱ्हाइकानेच विसळून कप परत फळीवर ठेवायचा. असे करण्यास कायद्याने मनाई झाली होती. कायदा कचेरीच्या कपाटात होता आणि फळी भिंतीवर.

कापसाच्या बाजाराजवळ गुल्हाने यांचे हॉटेल होते. गुल्हाने चाळिशीचे, अंगाने जाड, आवाजाने बारीक. भट्टीजवळ ते स्वतः, आलूबोंडे तळायला त्यांची पत्नी. शेती नव्हती. चार मुले. कापसाच्या हंगामात बाजारापुढे कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागे, आणि त्या चार महिन्यांच्या धंद्यावर त्यांचे वर्ष निघे. अडते, दलाल, कचेरीतले लोक, सगळ्यांचा तो अड्डा. पिंप, फडके, बादली, सगळे ठीक. आठ वर्षे मी त्यांना 'समाधानकारक' लिहीत आलो होतो.

सोमवारच्या फेरीत माझ्याबरोबर मेश्राम असत. देवी टोचणारे म्हणून जिल्ह्याकडून ते आमच्या गावी नेमलेले होते. मी हॉटेले पाही, ते त्याच मोहल्ल्यातली न टोचलेली मुले हुडकीत. त्यांची पेटी पाहताच बायका पोरांना कणगीमागे लपवीत. मेश्राम लहान मुलासारखे दारात बसत, गोष्टी सांगत, आणि पोर हसता हसता त्याचा दंड टोचून होई. गुल्हान्यांच्या चारही मुलांच्या दंडांवर मेश्रामांच्या हातचे व्रण होते. मी आत तपासणी करी तोवर मेश्राम बाहेर, फळीवरच्या कपात चहा पीत. हे मी प्रत्येक सोमवारी पाहिले होते. पाहिले होते म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर घडले होते.

छप्पन्न साली दसऱ्याला मेश्राम रीतसर रजा घेऊन कुटुंबासह नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. पुढच्या महिन्यात प्रांतही बदलला. मध्य प्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात आलो. नाल्या त्याच राहिल्या. मेश्रामांच्या कामातही फरक पडला नाही. मात्र तीनेक सोमवारांनंतर माझ्या ध्यानात आले, की मी गुल्हान्यांकडे असताना ते पेटी घेऊन रस्त्याच्या कडेला नुसते उभे असतात.

मी विचारले, "मेश्राम, चहा सोडला?"

"चहा नाई सोडला, साहेब. कप सोडला."

आम्ही चालत होतो. थोड्या अंतरावर ते म्हणाले, "एक इचारू? तुमच्या वहीत कपबशीचा रकाना हाये नं?"

"आहे."

"त्याच्यात त्या फळीवरच्या कपायचं काय लिहिता?"

मी उभा राहिलो. गुल्हान्यांच्या आतल्या अठ्ठेचाळीस कपांची नोंद माझ्या वहीत होती. कितीचा टवका गेला, तेही होते. बाहेरचे पाच कप वहीत नव्हते. आठ वर्षांत एकदाही नव्हते. मागे वळून हॉटेलात गेलो.

फळीवरचा एक कप उचलला. तळाशी चहाचा काळा थर. दुसऱ्यात कोळिष्टक.

"हे कप कोणाचे?"

गुल्हाने भट्टीवरून उठले. "ते हॉटेलातले नाईत, साहेब. बाहेरचे हायेत."

"यात चहा कोणाचा ओतता?"

"चाहा आपलाच."

"मग कपही तुमचेच."

मी तिथेच आदेश लिहिला. सर्व कप एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळत्या पाण्यातून काढावेत आणि आत एकाच ठिकाणी ठेवावेत. बाहेरची फळी काढून टाकावी. मुदत आठ दिवस. जातीचा उल्लेख केला नाही. तो कायदा माझ्या खात्यात नव्हता. माझ्या खात्यात उकळते पाणी होते.

गुल्हान्यांनी कागद वाचला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. "साहेब, ऐन हंगामात माह्यं हॉटेल बुडन."

"लोकांना स्वच्छ कपात चहा मिळेल."

"लोकं कप नाई पायत, साहेब. त्या कपाले आधी कोनाचं तोंड लागलं, ते पायते."

"आठ दिवस," मी म्हणालो.

इथे मी एक चूक केली. फळ्या पुष्कळ हॉटेलांना होत्या. आदेश सर्वांना एकाच दिवशी द्यायला हवा होता. पण एका सोमवारी एकच नवा आदेश काढून त्याची तामिली पाहावी आणि मगच पुढच्याकडे वळावे, अशी माझी पद्धत होती. गुल्हान्यांच्या समोरच्या हॉटेलाची फळी जागेवर राहिली. आपल्या शिस्तीचा फटका कोणाला बसेल, याचा विचार शिस्तप्रिय माणूस सहसा करीत नाही.

गुल्हान्यांनी आदेश पाळला. पुढच्या सोमवारी गेलो तेव्हा फळी नव्हती, भिंतीत दोन खिळे उरले होते. आत मोठा गंज खळखळत होता, आणि कान तुटलेले पाच कप टाकून पाच नवे आणलेले होते. त्रेपन्न कप एका रांगेत. कापूसबाजाराची वेळ. सगळे बाक भरलेले, पण कोणाच्या हातात कप नव्हता. पंधरा-वीस माणसे नुसती बसली होती. कापसाचे अडते भगवंतराव दाराजवळच्या बाकावर मांडीवर पागोटे घेऊन बसले होते. मेश्राम पेटी घेऊन दारात.

मी पिंप पाहिले. फडके पाहिले. कप मोजले. गुल्हान्यांनी रांगेतला मधलाच एक कप उचलला, त्यात चहा भरला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "साहेब, पयला कप तुमी घ्या. तुमी घेतला तं हे लोकं घेतीन."

आज हे लिहिताना मला त्या कपातून निघणारी वाफ दिसते. तेव्हा वही दिसत होती. मी हात वर केला आणि म्हणालो, "आज सोमवार आहे. मी घेत नाही."

'समाधानकारक' लिहून सही केली आणि बाहेर पडलो. मेश्राम माझ्या मागे लगेच आले नाहीत. पाच-सात मिनिटांनी आले. आम्ही पुढच्या हॉटेलाकडे निघालो.

काय घडले ते मंगळवारी दुपारी यमुनाबाईंकडे कळले. पानावर बसतो न बसतो तोच वकिलाचे मुनशी म्हणाले, "वा साहेब! कायदाही राखला आन् धरमही राखला. गुल्हान्यानं कप पुढं केला तं आपन म्हने हातच मागं घेतला."

मी घास खाली ठेवला. "काय म्हणता?"

"सारं गाव बोलून राह्यलं. साहेबच त्या कपाले शिवत नाईत, तं आपन काऊन शिवाचं? आन् तुमी गेल्यावर तो देवीवाला सरळ आत आला, बाकावर बसला आन् तोच कप पिल्ला. झालं! सगळे उठून समोरच्या हॉटेलात."

यमुनाबाई भाकर वाढत होत्या. त्या माझ्या बाजूने बोलल्या. "त्यायचा सोमवार असते. ते माह्या घरचं पानी तरी घेते का सोमवारचं?"

"तेच तं म्हनतो मी," मुनशी म्हणाले, "सोमवारचं सोवळं."

मला बोलणे भाग होते. "मी सोमवार करीत नाही. कधीच केला नाही. सोमवारी तपासणी असते, म्हणून मी कुठे काही घेत नाही."

यमुनाबाईंच्या हातातली भाकर हातातच राहिली. "मंग आठ वर्षं मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली, का आमचे साहेब महादेवाचे भक्त म्हनून, ते?"

"तसे मी कधी म्हणालो नाही."

"नाई बी म्हनाले नाई! एवढं सांगाले तुमच्या तोंडाले काय झालं होतं, बाप्पा?"

मी जेवण संपवले. चटणी कशी होती ते आठवत नाही. तेवढी एकच वेळ.

खोलीवर येऊन विचार केला. मला वाटत होते की नियमाने मला लाचेपासून वाचवले. ते खरेच होते. पण त्याच नियमाने मला आणखी एका गोष्टीपासून वाचवले होते. गावात कुणी कुठे बसून कुणाच्या कपात चहा प्यावा, या प्रश्नाला मला कधी उत्तरच द्यावे लागले नव्हते. मी पीतच नव्हतो. मेश्राम बाहेर उभे होते आणि मी आत उभा होतो. बसलो नव्हतो, एवढ्यावर मी स्वतःला निर्दोष समजत होतो.

बुधवारी गुल्हान्यांकडे गेलो. चारही बाक रिकामे. गंज उकळत होता. बोंडे परातीत तशीच, त्यांच्या पत्नी आत तोंड फिरवून बसलेल्या. समोरच्या हॉटेलात उभे राहायला जागा नव्हती.

मी म्हणालो, "सोमवारी कप घेतला नाही त्याचे कारण वेगळे होते."

"मले मालूम हाये, साहेब. मीनं तुमाले आठ वर्षं पायलं. तुमी कोनाचंच घेत नाई. पन लोकायनं जे पायलं ते पायलं." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपे गेले असते. "आतापरेंत एक गिऱ्हाईक नवं आलं, मेश्राम. रोज येते, बसते, पिते. त्याचं मले काही नाई. माह्या पोरायचे हात त्यानंच धरले. पन एका मानसावर हॉटेल चालत नाई. हंगाम गेला तं मी पुढच्या वर्षापरेंत काय करू? खरं सांगा साहेब, फळी परत लावू काय?"

तो माणूस माझी परवानगी मागत होता. मी 'नाही' म्हटले असते, तर आदेशाचे पालन झाले असते आणि हॉटेल बंद पडले असते. 'हो' म्हणणे शक्य नव्हते.

"शनिवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. शनिवारी आठवडी बाजार असे.

शुक्रवारी मेश्रामांना सांगितले, "उद्या सकाळी मी गुल्हान्यांकडे जाणार आहे."

"तपासनी?"

"नाही. चहा."

"माह्यासाठी जात असान तं नका जाऊ, साहेब. माह्यं काई अडलं नाई. मी पेतो तिथं."

"तुमच्यासाठी नाही. सोमवारी मी कप घेतला नाही, त्यासाठी."

"हो. तो मीनं पिल्ला," मेश्राम म्हणाले. "थंडा झाला होता."

शनिवारी मी वही आणि खाकी कोट खोलीवर ठेवला, धोतर-सदऱ्यावर निघालो आणि बाजार ऐन भरात असताना गुल्हान्यांच्या हॉटेलात दर्शनी बाकावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने मेश्राम आले आणि त्याच बाकावर बसले. रस्त्यावरची माणसे चालता चालता थांबू लागली. गुल्हान्यांनी दोन कप आणून ठेवले. मी प्यालो.

चहा वाईट होता. भयंकर गोड, तासभर उकळलेला, वर जायफळ. ज्या हॉटेलाला आठ वर्षे मी 'समाधानकारक' म्हणत होतो, त्याचा चहा असा होता. चवीचा रकाना वहीत नव्हता. मी कप संपवला आणि दुसरा मागवला. नोकरीत मी काही कठीण कामे केली आहेत. त्यांत या दुसऱ्या कपाची गणना करतो.

अर्धा तास कोणी आले नाही. रस्त्यावरून पाहत होते, आत येत नव्हते. माझ्या उदाहरणाचा परिणाम होईल, अशी माझी समजूत होती. तसा कोणताही परिणाम झाला नाही. गुल्हाने दोन वेळा गंजाखालचा जाळ सारखा करून आले. मग रस्ता ओलांडून भगवंतराव आले. दारात थांबले.

"गुल्हाने, एक चाहा दे बाप्पा. पाच दिवस झाले त्या समोरच्याचं गरम पानी पिऊन राह्यलो. डोकं दुखते."

"या नं भगवंतराव, बसा."

त्यांनी आत नजर टाकली. मी, मेश्राम, रिकामी जागा. "बसत नाई. बंडी उभी हाये."

गुल्हान्यांनी कप उचलला. तो भरायच्या आधी ते थांबले आणि म्हणाले, "भगवंतराव, आधीच सांगतो. कप आता सगळ्यायचे एकच हायेत."

न सांगता ओतले असते तर कोणाला कळणार होते? पण त्यांनी सांगितले. सगळा हंगाम त्या एका वाक्यावर टांगलेला होता. गुल्हान्यांबद्दल मला जो आदर आहे तो त्या वाक्यामुळे.

भगवंतरावांनी कपाकडे पाहिले. किटलीकडे पाहिले. चहाचा वास सगळीकडे होताच.

"उकळला का?"

"उकळला."

"बराबर?"

"नालीसाहेब बसले हायेत नं समोर," गुल्हाने म्हणाले आणि जीभ चावली.

माझ्या देखत ते नाव उच्चारले गेले ते त्या दिवशी प्रथम. मेश्राम हसले. मग भगवंतराव हसले. मी हसलो नाही, पण नाव खोडलेही नाही.

"मंग दे," भगवंतराव म्हणाले. कप घेऊन ते दाराबाहेर गेले आणि भिंतीतल्या त्या दोन खिळ्यांजवळ उभे राहून चहा पिऊ लागले.

मेश्राम बाकावर सरकले. "या नं भगवंतरावजी, जागा हाये आत."

"नाई. असाच बरा हाओ."

मेश्रामांनी पुन्हा आग्रह केला नाही. आपला चहा त्यांनी सावकाश संपवला. घाईचे त्यांना कारण नव्हते.

भगवंतराव आले म्हणून दलाल आले, दलाल आले म्हणून इतर आले. सगळे त्या चहासाठी आले. त्यांच्या जिभा वर्षानुवर्षे त्या गोडीला सरावल्या होत्या. समोरच्याकडे ती नव्हती. पण आत कोणी बसेना. तीन-चार महिने असे गेले, की मेश्राम, कापसाच्या गाठींच्या प्रेसमधले, पूर्वी फळीवरून पिणारे मजूर, कधी मी, असे आम्ही आत बाकांवर, आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी बाहेर, रस्त्यावर, हातात कप घेऊन उभी. गुल्हान्याचं हॉटेल उलटं झालं, असे लोक म्हणू लागले. गुल्हान्यांची तक्रार नव्हती. किटली रिकामी होत होती. समोरच्या आणि इतर हॉटेलांच्या फळ्यांचे आदेश मी नंतर काढले. या वेळी सगळे एकाच दिवशी.

फाल्गुनात मेश्रामांची बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. जाताना ते माझ्याकडे आले, टोचणीच्या याद्या नीट लावून दिल्या आणि नमस्कार करून गेले.

मग चैत्र आला. आमच्याकडचे ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको. सकाळी नऊलाच रस्ता तापू लागला. बाहेर उभे राहून उकळता चहा पिणे माणसाच्या शक्तीबाहेर गेले. पहिल्या आठवड्यात ते छपराच्या सावलीला सरकले, दुसऱ्या आठवड्यात उंबऱ्यात आले. एके दिवशी मी आत बसलो असताना भगवंतराव पागोट्याच्या पदराने घाम पुशीत आले आणि बाकाजवळ उभे राहून म्हणाले, "सरका जरा." सरकले ते प्रेसमधले दोन मजूर होते. भगवंतराव बसले. वैशाखात त्या हॉटेलात बसायला जागा मिळत नव्हती, आणि कोण कोणाशेजारी बसला आहे हे पाहण्याची ताकद कोणात उरली नव्हती. पुढे पाऊस आला, थंडी आली; बसलेले उठले नाहीत.

फळी माझ्या आदेशाने निघाली. माणसे आत आणली ती उन्हाने. हे मी वहीत लिहिले नाही. मेश्रामांना मात्र पोस्टकार्ड लिहून कळवले.

आठ दिवसांनी त्यांचे उत्तर आले. अक्षर नेहमीप्रमाणे सुबक. 'वाचून आनंद झाला. गुल्हानेजींना नमस्कार सांगावा. येथे काम ठीक चालले आहे. येथील हॉटेलाबाहेरही फळी आहे. समोर मोठे वडाचे झाड असून सावली पुष्कळ आहे. वेळ लागेल.'

तिथला इन्स्पेक्टर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. एक पत्र पुरले असते. मी लिहिले नाही. दुसऱ्याच्या हद्दीत बोट घालू नये, असाही माझा एक नियम होता.